ओस टेकडीचे दोन खासदार

१७९६ साली रिचर्ड वेलस्ली ब्रिटनच्या संसदेत ज्या मतदारसंघातून निवडून गेला, तिथे एकही मतदार राहत नव्हता. होती ती गवताने झाकलेली एक टेकडी, तिच्यावर पडक्या किल्ल्याच्या भिंती आणि पायथ्याला नांगरलेली शेतं. नाव ओल्ड सेरम. दुसऱ्याच वर्षी वेलस्लीची हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून नेमणूक झाली, १७९८ च्या उन्हाळ्यात तो कलकत्त्यात उतरला आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीने दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला. मराठी वाचकाला वेलस्ली आठवतो तो या तहामुळे. पण ज्या संसदेच्या सत्तेखाली हे सगळं घडत होतं, ती संसद कोणाच्या मतांवर उभी होती, हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर या टेकडीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला विल्टशर परगण्यात, आजच्या सॉल्झबरी शहरापासून तीनेक किलोमीटर उत्तरेला ही टेकडी आहे. लोहयुगातल्या लोकांनी इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास तिच्याभोवती मातीचे तट आणि खोल खंदक उभारले. पुढे रोमन आले, त्यांचे रस्ते इथे येऊन मिळाले. नॉर्मन राजा विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर जुन्या तटाच्या मधोमध किल्ला बांधला. १०८६ साली राज्यातल्या मोठ्या जमीनदारांना त्याने इथेच बोलावलं आणि त्यांच्याकडून स्वतःशी निष्ठेची शपथ घेतली. किल्ल्याशेजारी बिशप ऑस्मंडच्या काळात कॅथीड्रल उभं राहिलं. १०९२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली आणि पाचच दिवसांत वादळाने त्याची मोडतोड केली. दुसऱ्या हेन्रीने आपली राणी एलेनॉर हिला कैदेत ठेवलं, त्यातला बराच काळ तिने इथल्या किल्ल्यात काढला. थोडक्यात, बाराव्या शतकातलं सेरम हे राजा, बिशप, सैनिक, कारागीर या सगळ्यांनी भरलेलं खरंखुरं शहर होतं. त्या शहराला प्रतिनिधित्व मिळण्यात गैर काहीच नव्हतं. शहर उठून गेलं आणि प्रतिनिधित्व तिथेच राहिलं, हे गैर.

उठून जाण्याची कारणं रोजच्या जगण्यातली होती. टेकडीवर पाण्याची टंचाई, वारा असा की कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेचे शब्द ऐकू येत नाहीत अशी पाद्र्यांची तक्रार, आणि एकाच तटाच्या आत राहणाऱ्या सैनिकांशी त्यांचे कायमचे तंटे. शेवटी पोपची परवानगी घेऊन धर्मपीठ खाली नदीकाठच्या सपाट कुरणात हलवायचं ठरलं. २८ एप्रिल १२२० रोजी नव्या कॅथीड्रलची पायाभरणी झाली. १२३ मीटर उंचीचा मनोरा मिरवणारं सॉल्झबरीचं जगप्रसिद्ध कॅथीड्रल ते हेच. देवळामागे बाजार गेला, बाजारामागे माणसं गेली. १३३१ मध्ये राजाने जुन्या कॅथीड्रलचे दगड काढून न्यायला परवानगी दिली आणि ते नव्या देवळाच्या आवाराच्या भिंतीत बसले. आठव्या हेन्रीच्या काळात किल्लाही मोडीत निघाला.

पण चौदाव्या शतकात या गावाला कॉमन्स सभागृहात दोन प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मिळालेला होता, आणि तो कोणी काढून घेतला नाही. खाली वसलेलं नवं सॉल्झबरी आपले दोन खासदार वेगळे पाठवत राहिलं, वर ओस पडलेलं जुनं सेरम आपले दोन वेगळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स ही कारखान्यांची शहरं फुगत चालली होती; त्यांचा स्वतःचा एकही खासदार नव्हता.

हे चालत कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ओल्ड सेरममध्ये मताचा हक्क माणसाला नव्हता, जमिनीच्या तुकड्याला होता. जुन्या शहरातल्या ठरावीक भूखंडांचा जो धारक, तो मतदार. त्या भूखंडावर घर आहे की गहू पेरलेला आहे, धारक तिथे राहतो की शंभर मैलांवर, याला महत्त्व नव्हतं. मराठी मुलखातल्या देशमुखी-पाटिलकीच्या वतनासारखंच हे होतं: गाव उजाड झालं तरी वतन जिवंत, ते वारसाहक्काने येतं, गहाण पडतं, विकलंही जातं. सगळे भूखंड एकाच मालकाने विकत घेतले की दोन्ही खासदार त्याचे. मतदानाच्या आधी तो आपल्या विश्वासातल्या लोकांच्या नावे तुकडे करून द्यायचा, काम झालं की ते परत घ्यायचा. मतदारांचा आकडा कधी सात, कधी दहा-अकरा. टेकडीखालच्या स्ट्रॅटफर्ड गावाच्या शेतात एका एल्म वृक्षाखाली ही मंडळी जमायची, निवडणुकीचा हुकूम वाचला जायचा, मालकाने ठरवलेली दोन नावं पुकारली जायची आणि संसदेला दोन सदस्य मिळायचे. त्या झाडाला लोक संसदेचं झाड म्हणत.

असे मतदारसंघ आणखीही होते. सफक किनाऱ्यावरचं डनिच हे बंदर शतकानुशतकं थोडं थोडं समुद्रात ढासळत गेलं, तरी त्याचे दोन खासदार कायम होते. सरे परगण्यातल्या गॅटनमध्ये सातच्या आसपास मतदार. लोकांनी या सगळ्यांना एक नाव दिलं होतं, सडके मतदारसंघ. त्यांतही ओल्ड सेरमचं नाव आधी घेतलं जाई. १७९१ मध्ये टॉमस पेन याने माणसाच्या हक्कांवरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा मँचेस्टरच्या साठ हजार माणसांच्या समोर त्याने उदाहरण म्हणून ठेवलं ते याच टेकडीचं.

आता हिंदुस्थान येतो.

टॉमस पिट नावाचा डॉर्सेटच्या पाद्र्याचा मुलगा १६७४ च्या सुमारास बंगालच्या उपसागरात बालासोरला येऊन पोचला आणि ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी झुगारून स्वतःच व्यापार करू लागला. कंपनीने त्याला अडवलं, त्याच्यावर खटला भरला, त्याला दंड झाला. तो थांबला नाही. मिळवलेल्या पैशातून १६९१ च्या सुमारास त्याने सॉल्झबरीच्या अर्लकडून ओल्ड सेरमची मालमत्ता घेतली आणि तिथून स्वतःच संसदेत बसला. अशा माणसाशी भांडत बसण्यापेक्षा त्याला आपल्यात घेतलेलं बरं, असं शेवटी कंपनीला वाटलं. १६९८ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १७०९ पर्यंत त्या पदावर राहिला. १७०२ मध्ये मोगलांचा सरदार दाऊदखान पन्नी याने मद्रासला वेढा घातला, तेव्हा वाटाघाटी करून पैसे देऊन तो उठवणारा गव्हर्नर हाच. पुढे काही वर्षांनी दख्खनची चौथाई शाहू महाराजांना देण्याचं कबूल करणारा दाऊदखानही हाच.

याच काळात जामचंद नावाच्या व्यापाऱ्याने पिटला एक हिरा दाखवला. कच्चा, वजनाला सुमारे ४१० कॅरट. तो कृष्णेकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला मानला जातो. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पुढे गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या मुलखातून वाहते. घासाघीस करून पिटने तो ४८,००० पॅगोडांना, म्हणजे होनांना, घेतला आणि मुलगा रॉबर्ट याच्या हाती इंग्लंडला धाडला. पैलू पाडल्यावर तो सुमारे १४० कॅरटचा उरला. १७१७ मध्ये फ्रान्सचा राजपालक, ऑर्लेआंचा ड्यूक याने तो विकत घेतला. पिटला सुमारे १,३५,००० पौंड मिळाले. पुढे नेपोलियनने तो आपल्या तलवारीच्या मुठीत जडवला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हा हिरा मुळात खाणीतल्या एका गुलामाने पायाच्या जखमेत लपवून बाहेर काढला आणि त्यापायी त्याचा जीव गेला, अशी कथा तेव्हापासून चालत आली आहे. पिटवर चोरीचे आरोप इतके झाले, की आपण हिरा कसा घेतला याचं निवेदन त्याला १७१० मध्ये लिहून ठेवावं लागलं.

हिऱ्याच्या पैशातून पिटने ओल्ड सेरम घेतलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही; टेकडी हिऱ्याच्या दहा वर्षं आधी विकत घेतलेली आहे. पण मूळ मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. टेकडीसाठी मोजलेला पैसाही हिंदुस्थानच्या व्यापारातलाच होता. हिऱ्याने घराण्याला कॉर्नवॉलमधली मोठी जहागीर मिळवून दिली आणि आणखी मतदारसंघांवर वजन मिळवून दिलं.

या टॉमसचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये सव्विसाव्या वर्षी ओल्ड सेरमचा खासदार झाला. थोरला भाऊ एकाच वेळी दोन ठिकाणांहून निवडून आला होता, त्यातली एक जागा त्याने धाकट्याला दिली, इतकी ती घरातली बाब. हाच विल्यम पुढे सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनचा खरा सूत्रधार ठरला. कॅनडा आणि बंगालमधला ब्रिटिश विजय त्याच्या काळातला. जुन्या व्यवस्थेचे कैवारी पुढे कायम हाच दाखला देत राहिले, की सडक्या मतदारसंघांमुळेच पिटसारखी तरुण बुद्धिमान माणसं संसदेत येतात, लोकांच्या मतावर सोडलं असतं तर ती आली नसती. दाखला खरा आहे, निष्कर्ष मात्र खोटा. ज्या जागेवरून एक पिट आला, त्याच जागेवरून मालकाचे मेहुणे, मित्र आणि पैसे मोजणारे कितीतरी आले, ज्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. खुद्द विल्यम पिटनेच म्हातारपणी या मतदारसंघांना राज्यघटनेचा सडका भाग म्हटलं. त्याचा मुलगा धाकटा विल्यम पिट पंतप्रधान असताना १७८५ मध्ये असे ३६ मतदारसंघ मालकांना भरपाई देऊन मिटवण्याचं विधेयक घेऊन आला आणि हरला. भरपाईची कल्पनाच सांगते, की मताचा हक्क ही खाजगी मालमत्ता आहे हे सुधारणा करू पाहणाऱ्यांनीसुद्धा धरून चाललं होतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस टेकडीचा मालक होता दुसरा लॉर्ड कॅमलफर्ड, हिरेवाल्या पिटचा वंशज. तापट, द्वंद्वयुद्धांचा शौकीन, आणि १८०४ मध्ये अशाच एका द्वंद्वात गोळी लागून मेलेला. १८०१ साली त्याने ओल्ड सेरममधून जॉन हॉर्न टूक याला निवडून आणलं. टूक हा संसदीय सुधारणेचा जुना लढवय्या; १७९४ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालून तो निर्दोष सुटला होता. सडक्या मतदारसंघांविरुद्ध आयुष्य घालवलेला माणूस सर्वांत सडक्या मतदारसंघातून सभागृहात आला. सरकारला तो नको होता. तो तरुणपणी पाद्री झालेला होता, एवढं निमित्त पुरलं. पाद्र्याला कॉमन्समध्ये बसता येणार नाही असा कायदा त्याच वर्षी झाला. त्याची चालू मुदत तेवढी पुरी होऊ दिली गेली. हा कायदा थेट २००१ पर्यंत टिकला. एका टेकडीच्या मालकाने केलेल्या निवडीची छाया दोनशे वर्षं ब्रिटनच्या कायद्यावर पडून राहिली.

टूकच्या पाच वर्षं आधी याच जागेवर वेलस्ली होता. आयरिश सरदार घराण्यातला, पंतप्रधान धाकट्या पिटचा मित्र; आणि जागा पिटांच्या घराण्याची. ओल्ड सेरम हा त्याचा चौथा मतदारसंघ. तिथे तो वर्षभरही धड राहिला नाही. हिंदुस्थानात मात्र सात वर्षांत त्याने म्हैसूरमधली टिपूची सत्ता संपवली, निजाम आणि अवधला तैनाती फौजेत अडकवलं आणि मग पुण्याकडे वळला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तिथे झालेल्या तहात पेशव्याने सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख आणि परराष्ट्र व्यवहारावर कंपनीचा ताबा एवढं सगळं कबूल केलं. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. त्याला आणून बसवणारा सेनापती रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. मराठी रयतेला या निर्णयांत काही आवाज नव्हता, हे उघड आहे. इंग्लंडमधल्या रयतेलाही तो नव्हता, हे ओल्ड सेरम सांगतं.

कॅमलफर्डने ही टेकडी विकली ती कॅलडनच्या अर्लला, म्हणजे अलेक्झांडर घराण्याला. या घराण्याचा पैसाही कंपनीच्या नोकरीतला, हिंदुस्थानात कमावलेला. शेवटपर्यंत टेकडी त्यांच्याकडे राहिली आणि शेवटचे दोन खासदार, जेम्स आणि जोसायस अलेक्झांडर, त्याच घरातले. जोसायस तर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक. टॉमस पिटपासून या दोघांपर्यंत एकशे चाळीस वर्षं हिंदुस्थानातून गेलेला पैसा या टेकडीवरून संसदेत पोचत राहिला.

संसदेबाहेरचं इंग्लंड दरम्यान बदललं होतं. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे साठ हजार माणसं, बायकामुलांसह, प्रतिनिधित्व मागायला जमली. घोडेस्वारांनी तलवारी उपसून त्यांच्यावर चाल केली. पंधरावर माणसं मेली, शेकडो जखमी झाली. ही घटना पीटरलू म्हणून ओळखली जाते. त्या दिवशी मँचेस्टरला एकही खासदार नव्हता आणि ओल्ड सेरमला दोन होते.

१८३० मध्ये पंतप्रधान होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे असईचा आर्थर वेलस्ली. आहे ती व्यवस्था उत्तम आहे, तिच्यात सुधारणेची गरज नाही, असं त्याने नोव्हेंबरात सभागृहात बजावलं आणि पंधरवड्यात त्याचं सरकार पडलं. लॉर्ड ग्रे सत्तेवर आला. रिचर्ड वेलस्ली या सरकारात राजगृहातल्या मानाच्या पदावर होता. दोन भाऊ दोन बाजूंना गेले.

१ मार्च १८३१ रोजी ग्रेच्या सरकारतर्फे लॉर्ड जॉन रसेलने सुधारणा विधेयक मांडलं. भाषणात त्याने एका परक्या पाहुण्याची कल्पना केली: इंग्लंडच्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीची कीर्ती ऐकून तो येतो, आणि त्याला एका ओसाड टेकाडापाशी नेऊन सांगितलं जातं की हे टेकाड संसदेत दोन सदस्य पाठवतं. सभागृहातल्या प्रत्येकाला टेकाड कळलं. दुसरं वाचन ३०२ विरुद्ध ३०१ अशा एका मताने पार पडलं. पण समितीत विधेयक अडलं, नवी निवडणूक झाली, सुधारणावादी मोठ्या बहुमताने आले, आणि ऑक्टोबरात उमरावांच्या सभागृहाने विधेयक फेटाळलं. नॉटिंगहॅमचा किल्ला जळाला. ब्रिस्टल तीन दिवस दंगेखोरांच्या हाती होतं, बिशपचा वाडा खाक झाला. लंडनमध्ये वेलिंग्टनच्या घराच्या खिडक्या फुटल्या आणि त्याला लोखंडी झडपा बसवून घ्याव्या लागल्या. मे १८३२ मध्ये, नवे उमराव नेमून विरोध मोडायला राजा तयार झाल्यावर, विरोधक मुकाट्याने बाजूला झाले. ७ जून १८३२ रोजी कायद्यावर राजाची संमती उमटली.

कायद्याच्या पहिल्या यादीत पूर्णपणे रद्द झालेले ५६ मतदारसंघ होते. ओल्ड सेरम, डनिच, गॅटन, सगळे त्यात गेले. मालकांना छदामही मिळाला नाही. १८०० मध्ये आयर्लंडच्या विलीनीकरणात बंद केलेल्या मतदारसंघांना प्रत्येकी १५,००० पौंड भरपाई मिळाली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे बत्तीस वर्षांत विचार किती पुढे गेला ते कळतं. मत ही मालमत्ता नाही, हे तत्त्व कायद्याने मान्य केलं. १८३२ च्या कायद्याचं मोठेपण माझ्या मते यात आहे.

बाकी कायदा तोकडाच होता. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स यांना खासदार मिळाले, पण मत मिळालं ते घरदार असलेल्या मध्यमवर्गीय पुरुषांना. पीटरलूच्या मैदानावर जमलेल्या विणकरांना, त्यांच्या बायकांना ते मिळालं नाही; कामगारांचे अर्ज आणि मोर्चे पुढची कित्येक दशकं चालू राहिले. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. हिंदुस्थानाला तर त्या सभागृहात प्रतिनिधीच नव्हता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पहिले हिंदी प्राध्यापक दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. त्यांचं मताधिक्य होतं अगदी मोजक्या मतांचं. पण ती मतं तिथे राहणाऱ्या माणसांची होती, त्यांच्या दारोदार जाऊन मागितलेली होती. हिंदुस्थानची संपत्ती ब्रिटनकडे कशी वाहून जाते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. टॉमस पिटसारख्यांनी त्याच संपत्तीतून संसदेतल्या जागा विकत घेतल्या होत्या, हे ओल्ड सेरमच्या इतिहासाने वेगळ्या बाजूने सिद्ध केलेलं आहे.

ओल्ड सेरमची टेकडी आज इंग्लिश हेरिटेज सांभाळते. १९०९ ते १९१५ या काळात तिथे उत्खनन झालं. जुन्या कॅथीड्रलचा आराखडा गवतात स्पष्ट दिसतो. २०१४ मध्ये जमीन न खणता केलेल्या पाहणीत तटाच्या आतल्या मध्ययुगीन शहराच्या इमारतींची मांडणीही उलगडली. महाराष्ट्रातून इंग्लंडला जाणारे पुष्कळ प्रवासी सॉल्झबरीवरून स्टोनहेंजला जातात; टेकडी त्यांच्या वाटेवरच लागते, आणि बहुतेक जण न थांबता पुढे जातात. त्यांनी तिथे उतरावं, तटावरून एक फेरी मारावी. वसई आणि असई ज्यांना पाठ आहेत, त्यांनी ही तिसरी जागाही पाहिलेली असावी.